पुरलेला हंडा

भित्र्या माणसाने श्रद्धेविषयी लिहू नये असा कुठे नियम नाही, हे फार बरे आहे. तसा नियम असता तर हा लेख दुसऱ्या कोणाला तरी लिहावा लागला असता. मी जन्माचा भित्रा. गाडी सहाची असली तर मी पाचलाच फलाटावर हजर असतो. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतो, आणि चौथ्यांदा ओढण्यासाठी कोपऱ्यावरून परत येतो. आंब्याची पेटी घेताना तळाचा थर पाहिल्याखेरीज माझ्या खिशातून पैसे बाहेर पडत नाहीत. उभी हयात मी हिशेबाच्या वह्यांत काढली. त्या धंद्यात भित्रेपणाला दक्षता म्हणतात, त्यामुळे नोकरीत माझ्या या स्वभावाचे चीजच झाले!

पण मी ख्रिस्ती आहे, आणि सगळी पंचाईत तिथे आहे. आमच्या नगरच्या देवळात (आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतो) दर रविवारी आम्ही उभे राहून जी गीते गातो, त्यांत आम्ही फार शूर असतो. आम्ही तुफानात होड्या लोटतो, सर्वस्व प्रभूच्या चरणी वाहतो, मरणालाही भीत नाही. तबला-पेटीच्या साथीवर हे सारे मोठे छान वाटते. मग आशीर्वाद होतो, उपासना सुटते, आणि दाराशी ठेवलेली छत्री आपलीच आहे ना, हे नीट निरखून मी घरी येतो. गीतातला मी आणि छत्रीवाला मी, या दोघांचा ताळा कसा जमवायचा, हा माझा फार जुना प्रश्न आहे.

शुभवर्तमानातली एक गोष्ट या प्रश्नावर नेमके बोट ठेवते. मत्तयाच्या २५व्या अध्यायात ती आहे. एक धनी परदेशी जाताना आपल्या तीन चाकरांच्या हवाली पैसा करून जातो. एकाला पाच तालान्त, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तालान्त म्हणजे चिल्लर नव्हे. त्या काळी मजुराला दिवसाकाठी एक दिनार मिळे, आणि एका तालान्ताचे सहा हजार दिनार होत. शब्बाथाची सुट्टी नि सणवार वजा घातले, तर माणसाच्या जवळजवळ वीस वर्षांच्या मजुरीचा हा पैसा. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या चाकराच्या हातातही उभ्या जन्माची पुंजी आली होती. पहिल्या दोघांनी व्यापार करून आपला पैसा दुप्पट केला. तिसऱ्याने खड्डा खणला आणि पैसा पुरून ठेवला.

खरे सांगायचे तर माझे मन कायम या तिसऱ्याच्या बाजूने उभे राहते. त्याने अफरातफर केली नाही, चैन केली नाही. धनी परत आला तेव्हा पै न् पैचा हिशेब चोख. मी त्याचा हिशेब तपासायला गेलो असतो तर निमूटपणे सही करून आलो असतो! शिवाय चोरांपासून पैसा राखायचा तर जमिनीसारखी जागा नाही, असे यहुदी शास्त्रीच सांगत. आपल्याकडे तरी निराळे काय होते? पेंढारी आले, दरोडे पडले, की मोहरांचा हंडा परसात पुरायचा, वर तुळशीवृंदावन बांधायचे आणि कोणाला सांगायचे नाही. अशा हंड्यावर नाग बसतो, असे आपली जुनी माणसे सांगत. धन पुरणाराच मेल्यावर नाग होऊन त्यावर वेटोळे घालतो म्हणतात. आयुष्यभर राखलेले मेल्यावरही राखीत बसायचे! माझ्या मते त्या तिसऱ्या चाकराची सारी शोकान्तिका या नागात आहे.

मग धनी त्याच्यावर एवढा संतापला का? चाकर स्वतःच कारण सांगतो. धनी कठोर माणूस आहे, पेरले नाही तिथे कापणारा आहे, म्हणून मी भ्यालो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे त्याची भीती पैशाविषयी नव्हतीच, ती धन्याविषयी होती. ज्याने जन्माची पुंजी विश्वासाने हातात ठेवली, तो त्याला जप्तीवाल्या सावकारासारखा दिसला. आपण हात आखडतो तेव्हा धोका केवढा आहे हे तर आपण मोजतोच, पण पलीकडे कोण उभा आहे याविषयी आपली काय समजूत आहे, हेही त्या आखडलेल्या हातात असते. मात्र एक प्रश्न मला वर्षानुवर्षे सतावीत आला. त्या दोघांचा व्यापार बुडाला असता तर? धन्याने काय केले असते? गोष्टीत तीन चाकर आहेत. धंद्यात बुडालेला चौथा चाकर तिच्यात नाही. या चौथ्याची मला फार उत्सुकता आहे, कारण उद्या मी पुरलेला हंडा उकरलाच, तर माझी गणती बहुधा त्याच्यातच व्हायची!

भित्र्यांना शास्त्रात अगदीच थारा नाही असे मात्र समजू नये. जुन्या करारात गिदोनाची गोष्ट आहे. मिद्यानी लोक पिकाच्या हंगामात टोळधाडीसारखे येत आणि उभे पीक फस्त करून जात. त्यांच्या धाकाने हा गिदोन खळे सोडून द्राक्षे तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडीत होता. मळणी-उपणणी पाहिलेल्या माणसाला यातली केविलवाणी गंमत कळेल. उपणायला वारा लागतो, आणि खड्ड्यात कसला आला आहे वारा? नेमक्या अशा माणसापुढे देवदूत येतो आणि त्याला शूर वीर म्हणून हाक मारतो! गिदोनाचा त्यावर विश्वास बसत नाही. तो खूण मागतो. रात्री खळ्यात लोकर ठेवतो. सकाळी लोकर दवाने चिंब आणि भोवतालची जमीन कोरडी निघते. तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. दुसऱ्या रात्री उलट करून दाखव म्हणतो, लोकर कोरडी आणि जमीन ओली. ही माझी कुलूप ओढून पाहण्याचीच तऱ्हा झाली. आणि देव रागावत नाही. दोन्ही वेळा त्याच्या मनासारखे करून दाखवतो.

पुढे लढाईसाठी ३२,००० माणसे जमतात. ज्याला भीती वाटत असेल त्याने घरी जावे, अशी दवंडी पिटताच २२,००० निघून जातात. भित्र्यांची ही शिरगणती मला फार धीर देते! शेवटी ३०० उरतात आणि त्यांच्या पुढे गिदोन उभा असतो. ३२,०००मध्ये सर्वांत भित्रा कदाचित तोच असेल, पण त्याला घरी जायची सोय नव्हती. भीती जाईपर्यंत थांब, असे त्याला कोणी सांगितले नाही. ती बरोबर घेऊनच तो निघाला.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट आहे. सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला वरच्या वर झेलतील. यापरीस श्रद्धेची मोठी कसोटी कोणती? पण येशू उडी टाकीत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे सांगून तो मोकळा होतो. आणि हाच येशू पुढे गेथशेमानेच्या बागेत, हा दुःखाचा प्याला टळत असेल तर टळो, अशी रक्ताचे पाणी करून प्रार्थना करतो, आणि मग उठून त्याच प्याल्याला सामोरा जातो. म्हणजे तो कचरला नाही तिथे त्याने नकार दिला, आणि कचरला तिथे पाऊल टाकले.

या दोन जागांत फरक काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते तो असा : मंदिराच्या शिखराखाली कोणी बुडत नव्हते, कोणी उपाशी नव्हते. ती उडी कोणासाठीच नव्हती. नुसतीच आपल्या श्रद्धेची छाती दाखवायची उडी ती! पुष्कळदा आपण धाडस म्हणून जे वाखाणतो ते या शिखरावरचे असते. श्रद्धा जो धोका पत्करायला सांगते, त्याच्या पलीकडच्या टोकाला नेहमी कोणीतरी माणूस असतो. तेव्हा 'मला भीती वाटते का?' हा प्रश्नच नको. ती वाटणारच. 'हे कोणासाठी?' एवढाच प्रश्न करावा. त्याला उत्तर मिळाले, तर हंडा उकरायची वेळ आली असे समजावे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे मी या दृष्टीने पाहतो. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणले. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले होते. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या वचनाची मुदत सरत आली होती. हाती असलेल्या मुलींचेच पुढे काय, हा घोर होता. अशा वेळी आणखी माणसे पदरी घ्या, असा सल्ला जगातला कोणताही हिशेबनीस देणार नाही. मी तर मुळीच दिला नसता! पण रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७०नंतरच्या दुष्काळी दिवसांत गेली होती. भूक म्हणजे काय आणि भुकेल्या पोरक्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे त्यांना पुस्तकातून वाचायचे नव्हते. आपले ते दिवस आठवून आपण निघालो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती. इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला शाळेच्या उत्पन्नासाठी म्हणून जी जमीन घेतली होती, तिच्यावर त्यांना नेले. फळझाडांसाठी घेतलेल्या रानात माणसे रुजली! 'मुक्ती' ती हीच. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्यांचे काम तिथे आजही चालू आहे.

रमाबाईंचे नाव काढले की आम्ही सामान्य माणसे एक सोयीची पळवाट काढतो : त्या थोर होत्या. थोर म्हटले की आपण सुटलो. म्हणून मला लक्ष्मीबाई टिळक अधिक जवळच्या वाटतात. 'स्मृतिचित्रे' ज्यांच्या घरात आहे त्यांना ही हकीकत ठाऊक असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई वाढल्या त्या कडकडीत सोवळ्याच्या घरात. नवऱ्याच्या या एका उडीने त्यांच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांची वृत्ती उडी टाकणाऱ्याची. लक्ष्मीबाई पायरी चाचपून उतरणाऱ्या. माणसामाणसांतली ही शिवाशीव देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच निकाल लावला, आणि तो लागल्यावर एकेक बंधन सोडीत त्या गेल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पाच वर्षे! पण या पाच वर्षांना मी दिरंगाई म्हणणार नाही. लोकर ओली आहे की कोरडी, हे त्या रोज सकाळी पाहत होत्या. आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या याच बाईंनी पुढे, टिळक अर्धेच सोडून गेलेले 'ख्रिस्तायन' पुढे रचायला घेतले. भित्र्या माणसालाही उडी नाही तरी पायऱ्या असतात, हा दिलासा मला त्यांनी दिला आहे.

या पायऱ्यांपैकी एक माझ्या घराच्या दाराशीच होती. २०२१ सालचा एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट आमच्या गल्लीपर्यंत येऊन पोचली होती. भिंतीला भिंत लागून एक शाळामास्तर राहत. एका संध्याकाळी मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला एकदमच रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. मागे राहिली नऊ वर्षांची मुलगी. तिची तपासणी निर्दोष आली होती, पण उद्याची हमी कोण देणार? आजी दूर जळगावला. जिल्ह्याबाहेर जायला बंदी. पोर आमच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी चौसष्ट वर्षांचा, मला मधुमेह, पत्नीला दमा, लशीची एकेकच मात्रा झालेली. मी खिडकीशी उभा राहून मनात जमाखर्च मांडीत होतो. खर्चाची बाजू लांबतच चालली होती.

पत्नी मागून म्हणाली, "अहो, तुमचा विचार होईस्तोवर त्या पोरीनं बसायचं कुठं?"

मी दार उघडले. यात काही शौर्य नव्हते. हात कापत होता आणि तोंडावर दोन मुखपट्ट्या होत्या. आम्ही तिला मागची खोली दिली, तिच्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवल्या. तिचे ताट वेगळे, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. जेवण मी उंबऱ्यावर ठेवायचा आणि चार पावले मागे सरकायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारले, "आजोबा, माझं ताट तुमच्यात का नाही ठेवत?" मी तिला विषाणूची सारी शास्त्रीय माहिती सांगितली. तिने मान डोलावली. पण त्या रात्री मला लक्ष्मीबाईंची वेगळी चूल फार आठवली. आमचे हे सोवळे वैद्यांच्या सल्ल्याचे होते, त्याला मुदत होती, ते मोडायचेच होते, हे सगळे खरे. तरी वेगळ्या ताटापुढे बसणाऱ्याला काय वाटत असेल, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्या उंबऱ्यावर पाहणे निराळे. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. चौदा फुल्या झाल्या. पंधराव्या दिवशी ती आमच्याबरोबर टेबलाशी जेवायला बसली, आणि पत्नीने वाढलेले पिठले-भात तिने दोनदा मागून घेतला.

तिची आई महिन्याने घरी आली. मास्तर आले नाहीत.

आम्हा दोघांना काही झाले नाही. देवळातल्या मंडळींनी प्रेमाने म्हटले, देवाने राखले. मी कृतज्ञ आहे. पण ते वाक्य माझ्या तोंडून पुरते निघत नाही. मास्तरांसाठीही कोणी कमी प्रार्थना केली नव्हती. मीही रोज करीत होतो. श्रद्धेने पत्करलेला धोका टळतोच, असा काही करार नाही. आम्ही आजारी पडलो असतो, कदाचित दोघांपैकी एक उरले असते. तरी त्या संध्याकाळी दार उघडणे बरोबरच ठरले असते, कारण ती पायरीवर बसलेली होती, आणि हे खरे असणे आमच्या प्रकृतीवर अवलंबून नव्हते. गोष्टीत नसलेल्या त्या चौथ्या चाकराविषयीचे माझे कुतूहल तेव्हापासून शमले आहे. धंद्यात बुडून रिकाम्या हाताने आलेल्याला धन्याने दारातून परत लावले असते, असे मला आता वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. सुतकी वर्षात घरात कढई चढवीत नाहीत. फराळ शेजारपाजारच्यांनी, नातेवाइकांनी आणून द्यायचा असतो. आमच्या घरी करंज्या होतात त्या नाताळाला, आणि पत्नीचा हात त्यात बसलेला. यंदा त्या दीड महिना आधीच झाल्या. चकल्या मात्र पहिल्या घाण्याला तेलात विरघळल्या. मास्तरांच्या घरूनच भाजणीचे प्रमाण विचारून आणावे लागले! डबा द्यायला मी गेलो तेव्हा मुलगी दाराशी आली. तिच्या हातात मागल्या वर्षीच्या चार पणत्या होत्या.

"आजोबा, आमच्याकडे यंदा लावायच्या नाहीत, आई म्हणते. तुमच्याकडे लावू?"

आमच्या दारात एरवी डिसेंबरात कागदी तारा लागतो. पणत्यांना आमची काय हरकत असणार? तिने त्या पायरीवर मांडल्या. संध्याकाळचा वारा सुटला होता, ज्योती आडव्या होत होत्या. मी माझ्या स्वभावाला धरून म्हणालो, "आत घेऊ या का? नाहीतर वर एखादं भांडं तरी पालथं घालू?"

ती हसली. "भांडं घातलं तर त्या लगेच विझतील, आजोबा. आम्हाला शाळेत प्रयोग होता."

दिवा पेटवून मापाखाली कोणी ठेवीत नाही, हा दाखला शास्त्रात मी शेकडो वेळा ऐकला होता. उजेड झाकू नये, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता. झाकलेला दिवा वाऱ्यातल्या दिव्याच्याही आधी विझतो, हे मला त्या नऊ वर्षांच्या मुलीने सांगितले. मग आम्ही दोघे पायरीवर बसलो, आणि एकेका पणतीला हाताचा आडोसा करीत तेल सरेपर्यंत त्या राखल्या. दोन वाऱ्याने विझल्या. त्या तिने पुन्हा लावल्या.